मूल रुळलं, म्हणजे नेमकं काय झालं?

१९५२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टर आणि नर्सेससमोर एक कृष्णधवल फिल्म दाखवली गेली. लॉरा नावाची जेमतेम अडीच वर्षांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस हॉस्पिटलात राहते आणि घरी जाते, एवढीच तिची गोष्ट. तिला कुणी मारत नाही, तिच्यावर कुणी ओरडत नाही, ऑपरेशनही नीट होतं. तरी फिल्म संपल्यावर सभागृह चिडलं. हॉस्पिटलांची बदनामी केली, असा आरोप फिल्म करणाऱ्यावर झाला.

त्या काळी ब्रिटनमधल्या बहुतेक हॉस्पिटलांत मुलांना भेटायच्या वेळा फार मोजक्या असत. काही ठिकाणी तर आठवड्यातून एकदाच, रविवारी दुपारी. त्यामागचा हिशेब सोपा होता. आईबाप आले की मुलं रडतात, अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतात. आले नाहीत, तर दोन-तीन दिवस रडतात आणि मग शांत होतात. खातात, पितात, नर्सकडे बघून हसतातसुद्धा. त्याला तिथं 'सेटल' होणं म्हणत. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे. मूल रुळलं.

फिल्म करणारा जेम्स रॉबर्टसन हा स्कॉटलंडच्या कामगार कुटुंबातला माणूस. डॉक्टर नव्हता. युद्धाच्या काळात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या लंडनमधल्या पाळणाघरात तो बॉयलर सांभाळायचा आणि पडेल ते काम करायचा. तिथला एक नियम भारी होता: शिकलेला असो की नसो, प्रत्येक कर्मचाऱ्यानं मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहून ठेवायचं. बघायचं कसं, हे रॉबर्टसन तिथं शिकला. १९४८ पासून तो टॅव्हिस्टॉक क्लिनिकसाठी हॉस्पिटलांतल्या मुलांचं निरीक्षण करू लागला. त्याला तीन टप्पे दिसले. आधी मूल आक्रोश करतं. मग हताश होतं. आणि मग अलिप्त होतं. हा तिसरा टप्पा बाहेरून अगदी 'रुळल्या'सारखाच दिसतो. डॉक्टर म्हणाले, अतिशयोक्ती करतोस. म्हणून त्यानं कॅमेरा हातात घेतला. लॉराला रोज ठरलेल्या वेळी चित्रित केलं, मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं, म्हणजे सोयीचे क्षण निवडले असं कुणाला म्हणता येऊ नये.

लॉरा फारशी रडत नाही. वयाच्या मानानं तिचा स्वतःवरचा ताबा थक्क करणारा आहे. शेवटी घरी जायची वेळ येते. ती आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते, आईबरोबर निघते आणि आईचा हात मात्र धरत नाही.

हा लेख त्या न धरलेल्या हाताच्या इतिहासाबद्दल आहे. 'अटॅचमेंट स्टाइल', 'चाइल्डहूड ट्रॉमा', 'हीलिंग' हे शब्द आज आपल्या फोनवर दिवसाला दहा वेळा येतात. ते आले कुठून, आणि मोठ्या झालेल्या माणसाला त्यांचा उपयोग काय, हे मला समजून घ्यायचं होतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण पाचवी ते दहावी मी निवासी शाळेत होतो, आणि तिथल्या रेक्टरांनी पहिल्या महिन्यात बाबांना फोनवर सांगितलेलं वाक्य मला अजून पाठ आहे: "रुळलाय आता, रडत नाही. सारखं भेटायला येऊ नका."

एक तासाची आई

रॉबर्टसनला कामावर घेणारे डॉक्टर म्हणजे जॉन बोल्बी. जन्म १९०७, लंडन. वडील राजघराण्याचे सर्जन. त्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे मुलं आयांकडे वाढायची आणि आई भेटायची ती संध्याकाळच्या चहानंतर तासभर. बोल्बींना लळा होता तो त्यांच्या आयेचा. ते चार वर्षांचे असताना ती काम सोडून गेली. पुढे बोर्डिंग स्कूल झालं. मोठेपणी ते बोर्डिंगबद्दल फार कडवट बोलत.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं. बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं सरकारनं शहरांतली लाखो मुलं आगगाड्यांत बसवून खेड्यांत पाठवली. त्याच डिसेंबरमध्ये बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या तिघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून इशारा दिला की पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आईपासून असं तोडणं धोक्याचं आहे. १९४४ मध्ये बोल्बींनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास छापला. त्यातली १४ मुलं त्यांना कुणाबद्दलच माया नसल्यासारखी वाटली. त्या १४ पैकी १२ मुलं लहानपणी दीर्घकाळ आईपासून दूर राहिलेली निघाली. आकडा छोटा आहे आणि पद्धतीवर पुढे भरपूर टीका झाली. पण प्रश्न टेबलावर आला होता.

हा प्रश्न तेव्हा अवघड का होता? कारण त्या काळातल्या दोन्ही मोठ्या विचारधारांना तो नको होता. अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी १९२८ च्या पुस्तकात आईबापांना सल्ला दिला होता की मुलांचे मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी हस्तांदोलन करा. दुसरीकडे मनोविश्लेषणात १८९७ नंतर एक वळण आलं होतं. रुग्ण सांगतात ते लैंगिक अत्याचार खरोखर घडलेले असतात, ही आपली आधीची मांडणी फ्रॉइड यांनी त्या वर्षी मागे घेतली आणि भर कल्पनांवर, आतल्या वासनांवर गेला. १९३८ च्या सुमारास बोल्बी मेलनी क्लाइन यांच्या देखरेखीखाली तीन वर्षांच्या एका अस्वस्थ मुलावर उपचार करत होते. त्याची आई बाहेर बाकावर बसलेली असे, स्वतःच भेदरलेली. तिच्याशी बोलायची बोल्बींना परवानगी नव्हती, कारण उपचार मुलाच्या कल्पनांवर चालले होते. तीन महिन्यांत त्या आईला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. बोल्बींच्या सांगण्याप्रमाणे, क्लाइन यांना अडचण वाटली ती एवढीच की आता शिकाऊ डॉक्टरसाठी दुसरा रुग्ण शोधावा लागणार.

'माझ्यावर खरंच काहीतरी घडलं होतं' हे वाक्य थेरपीच्या खोलीत गंभीरपणे ऐकलं जावं, यासाठी हे सगळं भांडण होतं.

त्यात एक पुरावा आपल्या ओळखीच्या प्राण्यानं दिला. विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी रीसस माकडांच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं दिवसभर कापडाच्या आईला चिकटून बसत. १९५८ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. लळा पोटातून लागत नाही, कुशीतून लागतो, हे दिसलं. त्यासाठी त्या पिल्लांनी मोजलेली किंमत आज वाचवत नाही. ही रीसस माकडं म्हणजे उत्तर भारतातल्या देवळांत दिसणारी लालतोंडी माकडं. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना ती हजारोंनी भारतातून जात. १९७८ मध्ये भारतानं ही निर्यात बंद केली.

शांत बाळाची धडधड

१९५० मध्ये मेरी एन्सवर्थ ही मानसशास्त्रज्ञ नवऱ्याबरोबर लंडनला आली आणि वर्तमानपत्रातली जाहिरात बघून बोल्बींकडे कामाला लागली. चार वर्षांनी नवऱ्याला युगांडात नोकरी मिळाली आणि तीही कंपालाजवळ गेली. तिथल्या गांडा लोकांत एक जुनी रीत होती. अंगावरचं दूध तोडायचं तेव्हा बाळाला काही दिवस आजीकडे पाठवायचं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे नवल वाटणार नाही. पण एन्सवर्थ पोहोचली तेव्हा बऱ्याच घरांनी ही रीत सोडलेली होती, म्हणून तिनं २६ कुटुंबांत जाऊन, दुभाषी घेऊन, आई आणि बाळ यांच्यात रोज काय चालतं तेच बघितलं. मुलं अनेक हातांत वाढत होती, तरी लळा पक्का लागत होता. फरक पडत होता तो समोरचं माणूस बाळाचं म्हणणं किती टिपतं यानं.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला तिनं वीस मिनिटांचा एक प्रयोग बसवला. वर्षाचं बाळ, खेळणी, अनोळखी बाई. आई दोनदा खोलीबाहेर जाते आणि परत येते. सगळं लक्ष परतण्यावर. काही बाळं रडत आईकडे धावली, शांत झाली, पुन्हा खेळायला लागली. ही सुरक्षित. काही आईला बिलगलीही आणि तिला मारतही राहिली. आणि काही बाळांनी आई परत आल्यावर तिच्याकडे बघितलंच नाही. खेळत राहिली.

ही तिसरी बाळं बघणाऱ्याला सर्वांत शहाणी वाटतात. १९७७ मध्ये अ‍ॅलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी या प्रयोगात बाळांच्या हृदयाचे ठोके मोजल्याचं छापलं. शहाण्या दिसणाऱ्या बाळांची छातीही धडधडत होती. बाहेर खेळणं, आत घबराट. माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा आलेख आहे. रुळलेल्या मुलाला दुःख होत नाही, हा समज त्यानं मोडला. मुलानं फक्त मागणं बंद केलेलं असतं.

मोठ्या माणसाला काय विचारायचं?

मोठ्यांचं हृदय मोजून उपयोग नाही. आपण बोलतो, आणि बोलण्यात बरंच काही लपवता येतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एन्सवर्थची विद्यार्थिनी मेरी मेन आणि तिचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात यावर तोडगा काढला. तासाभराची मुलाखत, साधारण वीस प्रश्न. आईबरोबरच्या लहानपणीच्या नात्याला पाच विशेषणं द्या. मग एकेका विशेषणासाठी घडलेला प्रसंग सांगा.

यात बालपण चांगलं की वाईट याला गुण नव्हते. कसं सांगता, याला होते. कुणी 'फार प्रेमळ' म्हणून मोकळं होतं आणि प्रसंग एकही देऊ शकत नाही. कुणी वीस वर्षांपूर्वीच्या भांडणात आजच शिरतं आणि बाहेर येत नाही. कुणी मारहाणीचं, उपासाचं बालपणसुद्धा सलग, खरं, तोल न सोडता सांगतं. या शेवटच्या लोकांची स्वतःची मुलं बहुधा सुरक्षित निघाली. १९९१ मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासात सुमारे शंभर गरोदर स्त्रियांची ही मुलाखत घेतली गेली. पोटातलं बाळ वर्षाचं झाल्यावर सुरक्षित असेल की नाही, हे आईच्या बोलण्यावरून सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर ओळखता आलं. पुढे अशा लोकांसाठी शब्द आला: कमावलेली सुरक्षितता. वारशात मिळाली नाही, कमावली.

माझ्या थेरपिस्टनं मला याच धाटणीचा प्रश्न विचारला तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिच्याकडे गेलो होतो कारण जिच्याशी माझं लग्न ठरत होतं ती म्हणाली होती, "तू कधीच काही मागत नाहीस. तुझ्यासोबत एकटं वाटतं." आईसाठी पाच शब्द मी झटकन दिले. प्रेमळ, कष्टाळू, साधी, देवभोळी, चांगली. 'प्रेमळ'साठी प्रसंग विचारला तेव्हा मला आठवला डबा. भेटीचा रविवार, महिन्यातून एक. त्या डब्यातले बेसनाचे लाडू मी कुणाकुणाला वाटले ते नावानिशी आठवलं. डबा देणाऱ्या आईचा चेहरा आठवला नाही. थेरपिस्ट काही बोलली नाही, थांबली. त्या दिवशीची उरलेली वीस मिनिटं मी रडलो, आणि कशासाठी ते मला सांगता येत नव्हतं.

थेरपीत नेमकं होतं काय, हा प्रश्न मित्र नेहमी विचारतात. बोल्बींनी १९८८ च्या पुस्तकात थेरपिस्टची कामं सांगितली आहेत आणि ती ऐकायला साधी आहेत. आधी अशी जागा तयार करणं, जिथून दुखऱ्या आठवणींकडे जाऊन परत येता येईल. मग आजच्या नात्यांत आपण काय करतो ते बघणं. थेरपिस्टबरोबरही आपण तेच करतो का, ते बघणं. त्याचं मूळ लहानपणात कुठं आहे, ते शोधणं. आणि शेवटी विचारणं, तेव्हा जे उपयोगी पडलं ते आजही लागतंय का? मागायचं नाही, हा नियम दहा वर्षांच्या मुलासाठी वसतिगृहात शहाणपणाचा होता. अठ्ठाविसाव्या वर्षी तो घर मोडतो.

यानं खरंच फरक पडतो का? २००६ मध्ये न्यूयॉर्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भावनिक अस्थैर्याचा गंभीर त्रास असलेल्या ९० जणांना तीन वेगवेगळ्या थेरपींमध्ये विभागलं होतं. वर्षाच्या आधी आणि नंतर तीच मुलाखत घेतली गेली. तीनपैकी एका थेरपीत, म्हणजे थेरपिस्टबरोबरच्या नात्यावरच काम करणाऱ्या थेरपीत, सुरक्षित गटात गेलेल्यांची संख्या लक्षणीय वाढली. घडलेलं बदललं नाही. सांगणं बदललं.

आरोपपत्र कुणावर?

या इतिहासाची एक बाजू मला टोचते. बोल्बींच्या १९५१ च्या जागतिक आरोग्य संघटनेसाठीच्या अहवालानंतर 'आई' हा शब्द सगळ्या दुखण्यांचं मूळ होऊन बसला. युद्धानंतर कारखान्यांतून घरी परत पाठवल्या जाणाऱ्या बायकांच्या डोक्यावर हा आणखी एक दगड. आजही रील्समध्ये तेच दिसतं: तीस सेकंदांत निदान, एकतिसाव्या सेकंदाला आई गुन्हेगार.

त्या रील्समधल्या चाचण्यांचं मूळही गमतीदार आहे. १९८५ मध्ये डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज' या वर्तमानपत्रात सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी प्रेमाविषयी प्रश्नावली छापली. तीन परिच्छेदांतला तुमच्यासारखा कोणता, ते निवडा. ६२० उत्तरांचं विश्लेषण झालं: ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के टाळणारे, १९ टक्के चिंताग्रस्त. कल्पक अभ्यास होता. पण त्यात माणूस स्वतःबद्दल जे म्हणतो ते धरलं होतं. मी असतो तर 'सुरक्षित'वर खूण केली असती. प्रसंग कुणी विचारलाच नसता.

आणि आठवणीसुद्धा पूर्ण भरवशाच्या नसतात. मिनेसोटात १९७५ पासून जन्मापासूनची मुलं बघत आलेला एक अभ्यास आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे लॉग्ज आहेत. २००२ मध्ये त्यांनी ताडून पाहिलं, तर 'माझं बालपण कठीण होतं, पण मी सावरलो' असं सांगणाऱ्या अनेकांच्या आया त्या काळच्या नोंदींत चांगल्या, साथ देणाऱ्या होत्या. मात्र बाळपणी खरोखर असुरक्षित असलेले आणि पुढे सुरक्षित झालेले तरुणही त्यात होते, आणि त्यांची प्रेमाची नाती जन्मापासून सुरक्षित असलेल्यांइतकीच चांगली चालली होती. कमावलेलं खोटं नव्हतं. फक्त आपल्या कहाणीवर आरोपपत्र दाखल करण्याआधी जरा थांबावं, एवढं यातून कळतं.

मी आईला विचारलं. आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, फी भरायला बाबांनी म्हैस विकली होती, हे मला माहीत होतं. आईनं वेगळंच सांगितलं. "पहिल्या दिवाळीला आलास आणि माठाजवळ उभा राहून विचारलंस, पाणी घेऊ का? मला कळलं तेव्हाच. पण सगळे म्हणाले, शिस्त लागली पोराला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मलापण सासरी असंच म्हणायचे, रुळली."

१९७५ मध्ये सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिशिगनमधली एक हकिगत प्रसिद्ध केली. साडेपाच महिन्यांची बाळं हंबरून रडावीत तशी एक मुलगी रडतेय आणि तिची तरुण आई शेजारी दगडासारखी बसलीय. तिला ऐकूच येत नाही. त्या आईला स्वतःला लहानपणी सगळ्यांनी टाकलं होतं. थेरपिस्टनी तिला बाळाला उचलायचा उपदेश केला नाही. त्यांनी तिचं ऐकायला सुरुवात केली. ती आपलं दुःख सांगता सांगता रडली, कुणीतरी ते ऐकलं, आणि मग ती आपल्या मुलीला छातीशी धरायला लागली.

इतिहासातली सुधारणाही अशीच, ऐकून झाली. १९५९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट अहवालानं हॉस्पिटलांनी आईबापांना मुलांजवळ येऊ-राहू द्यावं अशी शिफारस केली. हॉस्पिटलं ढिम्म राहिली, तेव्हा १९६१ मध्ये आयांनीच संघटना बांधली आणि वर्षानुवर्षं दारं ठोठावली. आपल्या सरकारी दवाखान्यांत मुलाच्या खाटेखाली चटई टाकून झोपलेली आई आपण गैरसोय म्हणून बघतो. तिच्यासाठी दुसऱ्या देशात लढाई लढावी लागली होती.

आपल्याकडे थेरपी महाग आहे आणि थेरपिस्ट कमी आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं. तो आरंभ होऊ शकतो. तोवर दर हंगामात बीडहून ऊस तोडायला जाणारी कुटुंबं मुलांना आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून जातात, दर जूनमध्ये हजारो पोरं निवासी शाळांच्या फाटकातून आत जातात, आणि दोन आठवड्यांनी फोनवर कुणीतरी सांगतं की रुळलंय. त्यांतल्या एखाद्या घरात तुम्ही असाल, तर पुढचा प्रश्न विचारा: रडत नाही म्हणजे काय करतं? कुणाशी बोलतं? आणि भेटीचा रविवार नसला, तरी जा.